भ्यायचं ते कुठे

पुण्यात परतल्यापासून महिन्या-दोन महिन्यांनी मला एखादा तरी फोन येतो. कुणाचा भाचा, सोसायटीतली एखादी मुलगी, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा. "ताई, स्कायडायव्हिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" मी उत्तराला तोंड उघडते तोच दुसरा प्रश्न येतो, "आणि छत्री उघडली नाही तर?" उघडलेली छत्री जमिनीवर कशी उतरवायची, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझा घोटा मोडला तो मात्र छान, चौकोनी, पूर्ण उघडलेल्या छत्रीखाली.

छत्री न उघडण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या खेळात सगळे त्याच एका गोष्टीला भितात, त्यात त्या गोष्टीची काळजीही भरपूर घेतली जाते. अमेरिकेतल्या पॅराशूट असोसिएशनच्या, म्हणजे यूएसपीएच्या नोंदींनुसार २०२३ साली तिथे साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि त्यांत दहा माणसं गेली. मोडलेली हाडं अर्थातच याहून पुष्कळ जास्त असतात, आणि त्यांतली बरीचशी शेवटच्या शंभर फुटांत मोडतात. त्यामुळे शिकायला निघालेल्यांनी आपली भीती थोडी वरून खाली आणावी, एवढंच मला सांगायचंय.

आधी हे ठरवा, एकदा अनुभव घ्यायचाय की शिकायचंय? दोन्ही चांगलं आहे, पण वाटा वेगळ्या आहेत. टँडम उडीत प्रशिक्षक तुमच्या पाठीला बांधलेला असतो आणि छत्री दोघांना पेलेल एवढी मोठी असते. विमानाबाहेर पडल्यावर तो एक छोटी छत्री मागे सोडतो, नाहीतर दोघांच्या वजनाने पडण्याचा वेग फारच वाढेल. तुमच्याकडे दोनच कामं असतात, उडी मारताना शरीराची कमान करायची आणि उतरताना पाय वर उचलायचे. मी टँडम केली, फोटो घरी पाठवले, आईने ते शेजारी दाखवले, सगळं झालं. मात्र एसटीने महाबळेश्वरला जाऊन आलेल्या माणसाने आपल्याला घाटात गाडी चालवता येते असं समजू नये.

शिकायचं असेल तर आज बहुतेक ठिकाणी 'ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल' म्हणजे एएफएफ ही पद्धत असते. एक दिवस जमिनीवरचा वर्ग. मग सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून खाली येतात, पण पाठीवरची छत्री तुमची असते आणि ती तुम्हीच उघडायची असते. पुढे एकच प्रशिक्षक, मग सात-आठ पायऱ्या पार केल्यावर एकट्याने सराव. किमान पंचवीस उड्या, लेखी आणि तोंडी परीक्षा झाली की 'ए' परवाना मिळतो. जुनी पद्धत स्टॅटिक लाइनची. त्यात विमानाला बांधलेला पट्टा बाहेर पडताच छत्री खेचून उघडतो. आपल्या सैन्याच्या पॅराट्रूपर्सना आग्र्याच्या हवाई दलाच्या शाळेत याच पद्धतीने तयार करतात. हौशी लोकांसाठीही ती काही ठिकाणी चालू आहे आणि ती वाईट नाही. उलट, उतरण्याचा सराव त्यात लवकर होतो.

मी शिकले दक्षिण कॅलिफोर्नियात, नोकरीनिमित्त तिथे होते तेव्हा. लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला पेरिस (फ्रान्समधलं नव्हे) आणि लेक एल्सिनोर ही या खेळाची दोन जुनी, मोठी ठिकाणं आहेत. त्या पट्ट्यात कोरडी हवा आणि वर्षातले बहुतेक दिवस ऊन, त्यामुळे जगभरातून लोक शिकायला येतात. मी नेमकी कुठे शिकले ते सांगत नाही. काही तक्रारी करायच्या आहेत आणि त्या एका जागेच्या नाहीत.

पहिली तक्रार वर्गाची. दिवसभराच्या वर्गातला अर्धा वेळ छत्री नीट न उघडण्यावर गेला. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकायचं, समोर फोटो धरला जातो, दोऱ्यांना पीळ पडलेली छत्री, गाठोडं झालेली छत्री, एका बाजूने मिटलेली छत्री, आणि एका क्षणात ठरवायचं की ही ठेवायची की सोडायची. मोठी, चौकोनी, स्थिर आहे ना? वळते ना, ब्रेक लावते ना? नसेल तर उजव्या हाताशी असलेली लाल उशी ओढून मुख्य छत्री सोडून द्यायची, डाव्या बाजूचं धातूचं हँडल ओढून राखीव उघडायची. हा निर्णय शिकाऊ माणसाने अडीच हजार फुटांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ही कवायत उत्तम होती, आणि मी सांगते, कंटाळा येऊन हात आपोआप हलेपर्यंत ती करा. मी रात्री झोपण्यापूर्वी करायचे. पण उतरण्याचा धडा आला जेवणानंतर, पाऊण-एक तास, सगळे पेंगत असताना. फळ्यावर चौकोन काढला, तीन उंच्या लिहिल्या, 'रेडिओवर सांगूच' म्हणाले आणि पुढे गेले.

यंत्रंही सगळी वरच्या भीतीसाठीच आहेत. मुख्य छत्री एका झटक्यात खांद्यावरून सुटावी म्हणून बिल बूथ या अमेरिकन माणसाने सत्तरच्या दशकात तीन कड्यांची युक्ती काढली. ती इतकी साधी आणि इतकी पक्की आहे की आज जवळजवळ प्रत्येक हार्नेसवर दिसते. बेशुद्ध पडलात, उंचीचं भान सुटलं, तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्रही पाठीवर असतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचं 'सायप्रस' १९९१ मध्ये बाजारात आलं आणि त्याने अनेकांचे जीव वाचवले. अजूनही वेगाने पडतोय असं त्याला जाणवलं की जमिनीपासून साधारण साडेसातशे ते हजार फुटांच्या दरम्यान ते राखीव छत्रीच्या पिशवीचा बंद कापतं. अमेरिकेत राखीव छत्रीची घडी परवानाधारक रिगरनेच, म्हणजे छत्र्यांच्या कारागिरानेच घालायची आणि ती १८० दिवसांत पुन्हा उघडून तपासायची, असा नियम आहे. घोटा वाचवणारं यंत्र मात्र अजून निघालेलं नाही.

पडण्याबद्दल मी थोडक्यातच सांगेन, कारण ते थोडक्यातच होतं. पाळण्यात पोटात खड्डा पडतो तसं काही होत नाही, कारण विमानाचा वेग तुमच्या अंगात आधीपासून असतो. पहिल्या दहा सेकंदांत हजार फूट, मग दर साडेपाच सेकंदांना हजार. तेरा हजारांवरून निघालात तर साडेपाच हजारांवर छत्री उघडेपर्यंत पाऊण मिनिट जातं. ताशी १९० किलोमीटरचा वारा अंगावर येत असतो, कानात प्रचंड आवाज असतो, प्रशिक्षक डोळ्यांसमोर दोन बोटं धरून 'पाय लांब कर' असं खुणावत असतो आणि तुम्हाला आपल्याला पाय आहेत हेच आठवत नसतं. सगळ्यांचं असंच होतं. क्षितिजाकडे बघा, मनगटावरच्या अल्टिमीटरकडे बघा, श्वास घ्या. श्वास घ्यायला लोक खरंच विसरतात.

मग छत्री उघडते, आवाज थांबतो, आणि इथेच बहुतेक नवशिक्यांचं डोकं सुट्टीवर जातं. भीती संपलेली असते ना! खाली डोंगर, तळं, रस्त्यावरच्या इवल्याशा गाड्या. पाच मिनिटं मिळतात आणि ती बघण्यात जातात. या खेळातला खरा अभ्यास त्याच पाच मिनिटांत आहे.

छत्री म्हणजे पावसाळी छत्री नव्हे. ती कापडाचा पंख आहे आणि पंख नेहमी पुढे जातो. शिकाऊ, मोठ्या आकाराची छत्रीही वारा नसताना ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने पुढे सरकते. समजा, जमिनीवर पंधराचा वारा आहे. त्याच्याकडे तोंड करून उतरलात तर जमिनीवरचा तुमचा वेग पंधरा-वीसचा राहतो, म्हणजे सायकलचा. पाठीवर वारा घेऊन उतरलात तर पन्नासच्या घरात जातो, म्हणजे स्कूटरवरून उडी टाकण्यासारखं. शेवटच्या दहा-बारा फुटांवर दोन्ही टॉगल, म्हणजे छत्री वळवायच्या आणि थांबवायच्या मुठी, एकदम खाली ओढून हा वेग मारायचा असतो, त्याला फ्लेअर म्हणतात. लवकर ओढलंत तर छत्री वरच थांबते आणि मग तुम्ही धपकन खाली. अशा वेळी घाबरून हात परत वर सोडू नका, छत्री पुढे झेप घेते आणि आणखी जोरात आपटते. हात जिथे आहेत तिथे ठेवा, पाय जुळवा, लोळण घ्या.

म्हणून एक ठरलेला रस्ता असतो. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने जायचं, सहाशेवर काटकोनात वळायचं, तीनशेवर वाऱ्याकडे तोंड करायचं आणि मग वळण संपलं. तीनशेच्या खाली मोठं वळण घ्यायचं नाही. याचं कारण कळलं की नियम लक्षात राहतो. टॉगल एका बाजूला ओढलं की छत्री कलते आणि सूर मारते, तुमचं शरीर दोरीच्या टोकावरच्या दगडासारखं बाहेर फेकलं जातं, आणि पुन्हा छत्रीच्या बरोबर खाली यायला त्याला वेळ आणि उंची लागते. शंभर फुटांवर ती उंची उरलेलीच नसते. जमीन आधी येते.

माझा घोटा मोडला तो दिवस सप्टेंबरातला. दुपार, धुळीचा वास, जमीन तापलेली. तोपर्यंत माझ्या पायऱ्या संपल्या होत्या, मी एकटी सराव करत होते आणि हेल्मेटमधला रेडिओ काढून घेतलेला होता. वर सगळं ठीक झालं. हजार, सहाशे, तीनशे, मी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, बघून वाऱ्याकडे तोंड केलं. आणि मग ते विंडसॉक आधी मेल्यासारखं लोंबलं आणि उलट दिशेला ताठ झालं. उन्हाळ्यात त्या मैदानांवर गरम हवेचे भोवरे उठतात, वारा मिनिटभरात फिरतो. खालची जमीन एकाएकी पळायला लागली. हाताला प्रचंड मोह होतो की वळावं. मला वाचवलं ते एका म्हाताऱ्या प्रशिक्षिकेच्या वाक्याने. वर्ग संपल्यावर, अधिकृत धड्याच्या बाहेर, तिने आमच्याकडून ते घोकून घेतलं होतं: "चुकीच्या दिशेला सरळ उतरा, बरोबर दिशेला वळत उतरू नका." मी हात वर ठेवले, छत्री सरळ ठेवली, फ्लेअर केलं, पाय जुळवले आणि लोळले. लोळण वर्गात शिकवली तशीच झाली, तळवा, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ. फक्त पहिलं पाऊल पडलं ते खारींनी पोखरलेल्या जमिनीत, एका बिळाच्या काठावर. बारीक फ्रॅक्चर. काही आठवडे आधाराचा बूट घालून लंगडले.

माझ्याच विमानातून उतरलेला एक जण माझ्या मागे होता. शेकड्यांनी उड्या झालेला, लहान, चपळ छत्रीवाला. त्याने तेच विंडसॉक बघितलं आणि तो वळला. मी जमिनीवर बसूनच ते पाहिलं. मांडीचं हाड. हेलिकॉप्टर आलं. वर्षभराने तो परत उड्या मारू लागला, मोठ्या छत्रीखाली.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "पडून मोडला की उतरताना?" मी म्हटलं, उतरताना. "मग त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या जिन्यातही जमलं असतं," ती म्हणाली. तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे.

तर नवशिक्याने काय करावं? पहिल्या उडीआधी उतरण्याचं मैदान पायाने फिरून या. खड्डे, कुंपण, तारा, बिळं कुठे आहेत ते बघा. मग सावलीत बसून तासभर दुसऱ्यांना उतरताना बघा, ते फुकट असतं आणि वर्गापेक्षा जास्त शिकवतं. कोण क्षितिजाकडे बघत उतरतो आणि कोण पायाखाली, आणि पायाखाली बघणाऱ्यांचं काय होतं, ते तुम्हाला आपोआप दिसेल. विमानात बसण्याआधी त्या फेरीतली माणसं कुठल्या दिशेला उतरणार हे विचारून घ्या. वारा कमी आणि फिरता असेल तर पहिल्या उतरणाऱ्याच्या मागोमाग त्याच दिशेला उतरायचं असं बरेच ठिकाणी ठरवतात. रेडिओ चालू असेलच असं धरू नका. तो बंद पडला तर मी कुठे वळेन, याचं उत्तर जमिनीवरच तयार ठेवा. लोळण घ्यायची लाज सोडा. उभं उतरल्याचा फोटो मिळावा म्हणून कितीतरी जण हट्टाने पाय रोवतात, आणि मग फोटोत कुबड्या दिसतात. छत्री चालवण्याचा वेगळा वर्ग असतो. यूएसपीएच्या 'बी' परवान्याला तो सक्तीचा आहे, पण तोवर थांबायचं कारण नाही, आधीच करून टाका. आणि कुणी कितीही म्हणालं, "आता तुला जमतंय, लहान छत्री घे," तरी घेऊ नका. स्वतःचं सामान घ्यायची घाई तर मुळीच नको. सुरुवातीला विकत घेतलेली छत्री पुढे तुमच्या मापाची राहत नाही, आणि ती तुम्हाला विकू पाहणारा बहुधा मित्रच असतो.

दुसरी तक्रार पैशाची. अमेरिकेत परवान्यापर्यंत पोचायला तीन-चार हजार डॉलर धरून चला, एखादी पायरी पुन्हा करावी लागली तर जास्त. पैसे किती यापेक्षा ते कसे भरता हे महत्त्वाचं. मी एका ठिकाणी सवलतीच्या लोभाने नव्हे, दुसरा पर्यायच दिला नाही म्हणून, पुढच्या उड्यांचे पैसे एकरकमी भरले होते. परत मिळणार नाहीत, ठरावीक मुदतीत वापरायचे. आगाऊ भरलेले पैसे माणसाला विमानात ढकलतात. शिकाऊ माणसांसाठी यूएसपीएची वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर आहे. दुपारी तिथे वारा याच आकड्याच्या आसपास घुटमळतो, आणि मे-जूनच्या सकाळी समुद्रावरून आलेला ढगांचा थर उशिरापर्यंत हटत नाही. म्हणजे दिवसभरात तुम्ही बहुतेक वेळ बाकावर बसलेले असता. अनुभवी लोक उडत असतात, तुम्ही बघत असता, आणि डोक्यात हिशेब चालू असतो: पेट्रोल, हॉटेल, रजा, भरलेले पैसे. शक्य असेल तिथे उडीगणिक पैसे द्या. नसेल तर वाऱ्यामुळे रद्द झाल्यास काय, हे लेखी घ्या.

तिथे सांगलीचा एक मुलगा भेटला होता. सॅन होजेहून सहा-सात तास गाडी चालवून यायचा, शनिवार-रविवारची सुट्टी धरून. एकदा दोन्ही दिवस वाऱ्यात गेले आणि रविवारी संध्याकाळी वारा पडला, त्याचं नाव पुकारलं. हार्नेस चढवून तो विमानाकडे निघाला, अर्ध्या वाटेवरून परत आला, हेल्मेट काढलं. "ताई, डोकं जागेवर नाही आज. झोपच झालेली नाही," म्हणाला आणि तसाच परत गेला. त्याच्याइतका चांगला विद्यार्थी मी तिथे पाहिला नाही.

खंड पडू देऊ नका, हेही सांगायला हवं. शिकाऊ माणसाला महिनाभर उडी नसेल तर पुन्हा उजळणी आणि प्रशिक्षकाबरोबर उडी करावी लागते. वर्षातून एकदा परदेशात जाऊन दोन-दोन उड्या करायच्या, असा बेत असेल तर तुम्ही दर वेळी तीच पायरी विकत घेत राहाल. सलग तीन-चार आठवडे काढता येत असतील तेव्हाच सुरू करा.

जागा निवडताना जाहिरातीतले हसरे चेहरे बघू नका. फोन करून विचारा: शिकाऊ माणसाला कितीच्या वाऱ्यात थांबवता? शिकाऊ हार्नेसवर आपोआप उघडणारं यंत्र आहे का? प्रशिक्षकाकडे कुठला परवाना आहे, आणि दर वेळी नवा माणूस मिळणार की तोच? आकडा चटकन आणि ठाम सांगणारी जागा बरी. "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणणारी सोडून द्या.

शरीराचंही जरा बघा. वय अठराच्या पुढे हवं. वजनाची मर्यादा जागेगणिक बदलते, शंभर किलोच्या पुढे असाल तर आधीच विचारा. सर्दी असताना उडी मारू नका. काही मिनिटांत तेरा हजार फूट खाली येताना चोंदलेले कान आणि सायनस जे करतात ते दातदुखीपेक्षा वाईट असतं. थायलंडला जाणारे आदल्या दिवशी स्कूबा करतात आणि दुसऱ्या दिवशी विमानात चढतात. मधे किमान चोवीस तास जाऊ द्या. उपाशीपोटीही जाऊ नका, बाकावरच्या उन्हात अर्धे लोक त्यानेच हिरवे होतात.

इथे भारतात काय, असं विचाराल. टँडम उड्या हरियाणात नारनौळजवळ होतात, उज्जैनला काही हंगामात झाल्या आहेत. परवान्यापर्यंतचं सलग शिक्षण घ्यायला आपली बहुतेक मुलं थायलंड, स्पेन, दुबई किंवा अमेरिका गाठतात. पुण्याच्या लोकांना मी आधी कामशेतला जा म्हणते. पॅराग्लायडिंग हा वेगळा खेळ आहे, त्यात पंख जमिनीवरच उघडून मग निघायचं असतं आणि त्याने स्कायडायव्हिंग येत नाही. पण टेकडीवर उभं राहून वाऱ्यात पंख डोक्यावर धरून ठेवायचा सराव काही दिवस केलात, तर वारा कधी वळतो, हात किती ओढला की काय होतं, हे अंगाला कळतं. ते मला कॅलिफोर्नियात जाऊन पैसे मोजून कळलं.

आणि घरोघरी दिलं जाणारं ते उदाहरण. "पुण्याच्या त्या शीतल महाजननी नाही का, नऊवारीत उडी मारली!" मारली, २०१८ मध्ये, थायलंडला. त्याआधी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उणे सदतीस तापमानात त्यांनी आयुष्यातली पहिली उडी मारली होती, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांचा प्रचंड आदर आहे. पण नऊवारीतल्या उडीमागे शेकडो साध्या उड्या होत्या, आणि त्या उड्या कुणी मोबाईलवर पुढे पाठवत नाही. ध्रुवावरच्या पहिल्या उडीचं म्हणाल तर तो अपवाद आहे. अपवादावरून आपला अभ्यासक्रम ठरवू नये, विशेषतः भाच्याचा.

राहिला विमा. यावर कुणी बोलत नाही आणि फोनवर मी याने सुरुवात केली तर समोरचा कंटाळतो. परदेश प्रवासाच्या बहुतेक साध्या पॉलिसींत साहसी खेळांतली इजा धरत नाहीत. कुठे जास्तीचा हप्ता भरून धरतात, कुठे टँडम चालते पण एकट्याची उडी चालत नाही. बारीक अक्षरं वाचा, उडी मारायच्या आधी, विमानतळावर नव्हे. अमेरिकेत हाड मोडून हेलिकॉप्टरने जायचं बिल आयुष्यभराची बचत खाऊ शकतं. माझा विमा तिथल्या नोकरीतून होता म्हणून मी हे शांतपणे लिहू शकते. टर्म इन्शुरन्सच्या फॉर्मातही धोक्याच्या छंदांचा रकाना असतो. परत आल्यावर पॉलिसी घेताना आमचे विमा एजंट काका म्हणाले, "अहो, तिथे पोहणं लिहा. कोण बघतंय?" क्लेमच्या वेळी बघतात. मी 'स्कायडायव्हिंग' लिहिलं, खाली परवान्याचा नंबरही घातला. हप्ता वाढला. काका अजून रुसलेले आहेत.